ड्रायव्हर सीटचं फाटलेलं लेदर कव्हर घरी बदलताना: पहिल्या बोल्टपासून शेवटच्या रिंगेपर्यंत

आमची कोरोला अल्टिस २०११ची. वडिलांनी हौसेनं घेतलेली, आत लेदर सीट. इंजिन अजून ठणठणीत आहे, पण ड्रायव्हर सीटची उजवी कड आधी भुरकट झाली, मग तिला तडे गेले आणि शेवटी शिवणीजवळ बोटभर फाटून आतला पिवळा फोम दिसायला लागला. गाडीत चढता-उतरताना आपण दर वेळी त्याच कडेवरून घसरतो, म्हणून आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांची उजवी कडच आधी जाते. दुकानांत विचारलं तर सगळीकडे एकच उत्तर मिळालं: वरून रेक्झिनचा सेट चढवू, दोन तासांत गाडी न्या. मला ते नको होतं. मूळ सीट होती तशीच परत हवी होती. शेवटी दोन रविवार आणि मधल्या काही संध्याकाळी खर्चून बैठकीचं कव्हर मी स्वतः बदललं.

नव्यानं हे काम करणाऱ्याला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. जुनं कव्हर हाच तुमचा नकाशा आहे. कुठे किती ताण आहे, कोणती तार कुठल्या खोबणीत जाते, कोणता तुकडा कोणाला जोडलाय, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. ते ओरबाडून काढलंत तर पुढे प्रत्येक पायरीवर अंदाज बांधावे लागतील. खालच्या बऱ्याच सूचना हा नकाशा जपण्यासाठीच आहेत.

१. आधी ठरवा: बदलायचंच आहे का?

नुसता रंग उडाला असेल आणि चामडं अखंड असेल, तर कव्हर बदलू नका. गाडीच्या चामड्यावर रंगाचा आणि वर संरक्षक लेपाचा थर असतो. तो झिजला की आतला फिका भाग दिसतो. स्वच्छ करून लेदरचा रंग देण्यानं ते काम भागतं. तडे आरपार गेले असतील, चामडं कडक होऊन पापुद्र्यासारखं सुटत असेल किंवा शिवणीची भोकं फाटून एकमेकांत मिसळली असतील, तर बदलायला पर्याय नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. "लेदर सीट" म्हणून विकलेल्या कित्येक गाड्यांत फक्त आपण टेकतो तो भाग चामड्याचा असतो. बाजू आणि पाठीमागचा भाग रेक्झिनचा असतो, फक्त रंग आणि दाणा जुळवलेला. सीटखाली हात घालून कव्हरची मोकळी कड उलटून बघा. आतून मखमलीसारखं तंतूंचं अस्तर दिसलं तर चामडं, विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. माझ्या सीटच्या बाजूच्या पट्ट्या रेक्झिनच्या निघाल्या आणि त्या चांगल्या होत्या, त्यामुळे त्यांना हात लावला नाही. झिजलेले तुकडेच बदलायचे. सगळं नवं केलंच पाहिजे असा नियम नाही.

२. एअरबॅग बघितल्याशिवाय पाना हातात घेऊ नका

सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेला एअरबॅग असं लिहिलेली चिठ्ठी किंवा बिल्ला शिवलेला असेल, तर पाठीच्या आत बाजूची एअरबॅग आहे. अशा पाठीचं कव्हर घरी बदलू नका. तिथली एक शिवण मुद्दाम कमजोर दोऱ्यानं घातलेली असते, म्हणजे अपघातात पिशवी तिथूनच फाडून बाहेर येते. आपण जाड दोऱ्यानं पक्की शिवण घातली तर पिशवी अडेल किंवा भलत्या दिशेनं फुगेल. पाठ राहू द्या, बैठक करा. दुकानातून वरून चढवायची कव्हरंही अशा सीटवर घालू नयेत, कारण तेच.

एआयएस-१४५ या नियमानुसार १ जुलै २०१९पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हर आणि शेजारचा प्रवासी दोघांसाठी सीट बेल्टची आठवण देणारी सूचना सक्तीची झाली. त्यामुळे नव्या गाडीत शेजारच्या सीटच्या बैठकीत वजन ओळखणारी पातळ चटई असू शकते. ती दुमडू नका, ओढू नका, तिच्यावर गोंद लावू नका.

३. काय काय लागेल

सीट काढायला: गोटी सेट, रॅचेट, लांब दांडी आणि टॉर्क पाना (बोल्ट ठरावीक जोरानंच आवळता येतो असा पाना). टोयोटाला १४ मिमी गोटी लागते. इतर कंपन्यांच्या काही गाड्यांत ताऱ्याच्या आकाराचा किंवा बारा दातांचा बोल्ट असतो, तो आधी बघून योग्य बिट आणा. चुकीच्या बिटनं जोर लावला की बोल्टचं डोकं गुळगुळीत होतं आणि मग तो निघता निघत नाही.

कव्हर काढा-घालायला: हॉग रिंगा, त्या दाबायची खोबणीची पक्कड, कटर, प्लास्टिकची चपटी पाचर, डोळ्यांना गॉगल, शिवण उसवायचं हत्यार, चंदेरी पेन, पुठ्ठा, मोबाइलचा कॅमेरा. हॉग रिंग म्हणजे टोकदार तारेची उघडी कडी, पकडीनं दाबली की बंद होते. साध्या पकडीनं ती तिरकी बसते आणि घसरते, म्हणून खोबणीची पक्कडच घ्या. पुण्यात नाना पेठेतल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानांतून चौकशीला सुरुवात करा. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जुनी पण दणकट हत्यारं मिळतात.

फोमसाठी: ४० डेन्सिटीचा फोम, धारदार लांब पात्याची सुरी, फेविकॉल एसआर ९९८ सारखा रबरी गोंद.

आणि एक जुनी सतरंजी. सीटच्या रुळांच्या कडा धारदार असतात, दाराच्या उंबऱ्यावर ओरखडा पडायला एक क्षण पुरतो.

कागदपत्रं लागत नाहीत, पण गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक आणि जमलं तर दुरुस्ती पुस्तिकेतलं सीटचं पान हाताशी ठेवा. बोल्ट किती घट्ट करायचे तो आकडा त्यात असतो.

काळही बघून निवडा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत रबरी गोंद नीट धरत नाही आणि उघड्या फोमला वास लागतो. दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंतचे कोरडे दिवस उत्तम.

४. सीट बाहेर काढणं

क्रम महत्त्वाचा आहे. आधी सीट पूर्ण मागे सरकवून पुढचे दोन बोल्ट काढा, मग पूर्ण पुढे सरकवून मागचे दोन. सीट विजेवर सरकणारी असेल तर बॅटरी काढण्याआधीच हे चारही बोल्ट सैल करून ठेवा. बॅटरी काढल्यावर सीट जागची हलत नाही, आणि बोल्ट रुळाखाली अडकून बसतात. बहुतेक जण इथेच फसतात.

मग किल्ली काढा, बॅटरीची ऋण तार सोडवा आणि थांबा. टोयोटाच्या दुरुस्ती पुस्तिकेत किमान ९० सेकंद थांबायला सांगितलंय, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा वेळ वीज साठून राहते. मी दहा मिनिटं थांबतो. त्यानंतरच सीट मागे कलवून खालचे कनेक्टर सोडवा. पिवळा कनेक्टर एअरबॅग किंवा बेल्टच्या यंत्रणेचा असतो. तो खिट्टी दाबून अलगद काढायचा, तारेला धरून ओढायचा नाही. कनेक्टर सुटलेले असताना किल्ली फिरवू नका. एअरबॅगचा दिवा पेटून राहू शकतो आणि मग तो घालवायला गॅरेजमध्ये स्कॅनर लावावा लागतो.

सीट उचलायला दुसरा माणूस घ्या. वजनापेक्षा तिचा आकार अवघड असतो. हेडरेस्ट आधी काढून ठेवा, म्हणजे दारातून सहज निघते.

५. जुनं कव्हर उतरवणं

इथे घाई नको. मला बैठकीचं कव्हर काढायला तीन तास लागले आणि त्यातला एकही मिनिट वाया गेला असं वाटत नाही.

सीट उलटी करा. पाठ आणि बैठक वेगळी करायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. बाजूचं प्लास्टिकचं आवरण आणि खटका काढला की कव्हरच्या कडा मोकळ्या होतात. या कडांना जे-आकाराची प्लास्टिकची पट्टी शिवलेली असते आणि ती सांगाड्याच्या पत्र्यात अडकवलेली असते. पाचरीनं थोडं आत दाबून खाली ओढलं की सुटते. ती तोडू नका, नव्या कव्हरला तीच शिवायची आहे.

कडा सुटल्या तरी कव्हर निघत नाही, कारण सीटवर ज्या खोल रेषा दिसतात त्या आतून बांधलेल्या असतात. रेषेच्या खाली कव्हरला कापडाची नळी शिवलेली असते, नळीत तार असते आणि ती तार फोममध्ये रुतवलेल्या दुसऱ्या तारेला हॉग रिंगांनी जखडलेली असते. कव्हर हळूहळू उलटवत जा, रिंग दिसली की फोटो काढा, मग कटरनं तोडा. गॉगल घाला, तुटलेला तुकडा जोरात उडतो. माझ्या बैठकीत अशा २२ रिंगा होत्या. प्रत्येक रिंगेच्या जागी फोमवर पेनानं ठिपका देत गेलो, पुढे त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

कव्हर जोरात ओढलं तर फोममधली तार फोम फाडून वर येते. मग ती रेष बांधायला आधारच उरत नाही आणि नवं कव्हर त्या जागी फुगून राहतं. कुठे अडलं वाटलं तर ताकद लावू नका, एखादी रिंग राहिलेली आहे असं समजून शोधा.

६. साचा काढणं आणि चामडं निवडणं

कव्हर हातात आल्यावर उसवायची घाई करू नका. आधी प्रत्येक तुकड्याला आतून नंबर घाला, पुढची दिशा बाणानं दाखवा आणि प्रत्येक शिवणीवर साधारण पाच-पाच सेंटिमीटरवर दोन्ही तुकड्यांवरून जाणारी आडवी रेघ मारा. या रेघा म्हणजे जोडखुणा. वळणाच्या शिवणीत एक कड लांब आणि दुसरी आखूड असते, ती कुठे कशी सामावायची हे फक्त या खुणाच सांगतात.

पहिल्यांदा मी मधल्या तुकड्याला खुणा करायचं विसरलो. शिवून झाल्यावर मधला पट्टा दीड सेंटिमीटर डावीकडे सरकलेला दिसला. कापड असतं तर उसवून परत शिवलं असतं. चामड्यात सुईचं भोक पडलं की ते बुजत नाही. तो तुकडा नव्यानं कापावा लागला.

झिजलेला तुकडा साचा म्हणून तसाच वापरू नका. इतक्या वर्षांच्या वापरानं तो ताणून मोठा झालेला असतो. डाव्या कडेचा तुकडा सहसा चांगल्या स्थितीत असतो. तो उलटा ठेवून उजवीकडचा साचा काढा. मात्र खटक्यासाठी किंवा बकलसाठी असलेली कापणी दोन बाजूंना वेगळी असू शकते, ती मूळ तुकड्यावरून ताडून बघा. उसवलेले तुकडे रात्रभर जड पुस्तकांखाली सपाट करून मगच पुठ्ठ्यावर उतरवा. माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेली कड, तीही मूळची होती तेवढीच ठेवा.

चामडं चौरस फुटावर विकतात. मला एका बैठकीच्या चामडी तुकड्यांना, वाया जाणारं धरून, सुमारे १२ फूट लागलं. चामड्याच्या बाजारासाठी मुंबईकरांना धारावी माहीत आहेच. तिथे जाताना जुना तुकडा बरोबर न्या, रंग आणि दाणा उन्हात जुळवून बघा. सीटसाठी साधारण १.० ते १.३ मिमी जाडीचं, वर रंगाचा लेप असलेलं चामडं हवं. जॅकेटचं चामडं याहून पातळ असतं, ते कडेला टिकत नाही. पट्ट्याचं जाड चामडं वळणावर बसत नाही. ओला पांढरा रुमाल जोरात घासून बघा. रुमालाला रंग लागला तर तोच रंग उद्या तुमच्या सदऱ्याला लागेल. गाडीच्या आतल्या सामानाच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. त्यात बसणारा माल आहे का, हे विकणाऱ्याला जरूर विचारा, रेक्झिन घेताना तर नक्कीच.

कापताना जनावराच्या पाठीच्या कण्याजवळचा घट्ट भाग बसायच्या जागेला आणि कडेला वापरा. पोटाकडचा भाग सैल असतो आणि ताणत जातो. तो वापरलात तर वर्षभरात सीटवर पाणी साचल्यासारख्या सुरकुत्या दिसतील.

७. शिवण

घरच्या मशीनवर हे होत नाही, हे स्पष्ट सांगतो. चामडं आणि खालचा पातळ फोम मिळून जाड थर होतो आणि घरच्या मशीनचा पाय त्यावर घसरतो. सुई, वरचा पाय आणि खालचे दात एकत्र कापड पुढे ढकलतात असं औद्योगिक मशीन लागतं. मी कापलेले, खुणा केलेले तुकडे बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडे नेले आणि शेजारी बसून शिवून घेतले. त्यानं काम कमी "स्वतःचं" होत नाही.

त्याला तीन गोष्टी सांगा. दोरा पॉलिएस्टरचा, जाड घ्या. सुती दोरा उन्हानं आणि घामानं कुजतो. टाका चार ते पाच मिमीचा ठेवा. बारीक टाक्यानं चामड्याला टपालाच्या तिकिटासारखी भोकं पडतात आणि ते त्याच ओळीत फाटतं. आणि बसायच्या भागाच्या तुकड्यांना मुळात जितका पातळ फोम चिकटवलेला होता तितकाच परत लावा. तो वगळला तर मापं बरोबर असूनही कव्हर ढगळ होतं. तारेच्या नळ्या आणि जे-पट्ट्या जुन्यावरून काढून त्याच जागी शिवून घ्या. वरून दिसणारी दाबटीप शेवटी.

८. फोमची डागडुजी

कव्हर निघालेलंच आहे तर फोम बघून घ्या. उजव्या कडेचा फोम सहसा चुरलेला असतो. खराब भाग सरळ सुरीनं कापून काढा, नवा फोम थोडा मोठा कापून दोन्ही बाजूंना गोंद लावा, हाताला चिकटेनासा झाला की दाबून बसवा आणि मग कातरून डाव्या कडेच्या आकाराला आणा. जाड करण्याचा मोह होतो. तो आवरा, नाहीतर कव्हर चढणार नाही. सांगाड्याची तार जिथे फोमला खाते तिथे गोणपाटाचा किंवा जाड नमद्याचा तुकडा लावा.

९. नवं कव्हर चढवणं

कव्हर अर्धा तास उन्हात ठेवा, चामडं नरम होतं. जुन्या नळ्यांतल्या तारा नव्या नळ्यांत सरकवा. फोमवर पातळ प्लास्टिकची पिशवी पसरली तर कव्हर सहज सरकतं. जागेवर आलं की पिशवी ओढून काढा, कारण राहिली तर बसताना चुरचुर वाजते.

सुरुवात मधल्या रेषेच्या मधल्या रिंगेपासून करा आणि दोन्ही बाजूंना सरकत जा. कडेपासून सुरुवात केली तर सगळा ताण एका बाजूला जातो. रिंग फक्त दोन तारांना धरून घाला, चामड्यातून कधीही नाही. बंद झालेल्या रिंगेची टोकं फोमकडे, खाली वळवा. वर राहिली तर महिन्याभरात चामड्याला आतून भोक पाडतील. आधी केलेले ठिपके इथे कामाला येतात. सगळ्या रेषा बांधून झाल्या की पुढची कड अडकवा, मग दोन्ही बाजू आणि सगळ्यात शेवटी मागची.

शेवटची कड ओढताना अंगठे दुखतील. कव्हर घट्ट असायलाच हवं, पहिल्या दिवशी सैल बसणारं कव्हर सहा महिन्यांत लोंबतं. पण शिवणीची भोकं ताणून लांबट दिसायला लागली तर थांबा. फोम जास्त झालाय किंवा माया जास्त घेतली गेलीय. उरलेल्या सुरकुत्यांना केस वाळवायच्या यंत्राची ऊब द्या आणि तळहातानं मधून बाहेर चोळा. तळहाताला चटका बसेल इतकी उष्णता चामड्यालाही नको, ते आकसतं आणि कडक होतं. बारीक सुरकुत्या पंधरा दिवस बसण्यानं आपोआप जातात.

१०. सीट परत बसवणं

सतरंजी परत टाका, सीट आत घ्या, आधी कनेक्टर टकटक आवाज येईपर्यंत जोडा. चारही बोल्ट हातानं काही आटे फिरवून घ्या, मगच पाना लावा. एक बोल्ट आधी पूर्ण आवळला तर बाकीच्यांची भोकं जुळत नाहीत आणि आटे चढतात. माझ्या गाडीला ३७ न्यूटन-मीटर लागतं. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो, पुस्तिकेत बघा. अपघातात तुमचा सगळा भार याच चार बोल्टांवर येतो, म्हणून टॉर्क पाना नसेल तर एखाद्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणा.

सीट पुढे-मागे सरकवून दोन्ही बाजूंचे रूळ एकाच वेळी खटकन अडकतात का ते बघा. एकच बाजू अडकत असेल तर बोल्ट सैल करून पुन्हा जुळवा. आता बॅटरी जोडा आणि किल्ली चालू करा. टोयोटात एअरबॅगचा दिवा साधारण सहा सेकंद लागून विझतो. विझला नाही तर बॅटरी पुन्हा सोडवून कनेक्टर तपासा. बेल्ट लावून-काढून त्याचाही दिवा बघा.

पहिला महिना चामड्याला काही लावू नका, फक्त ओल्या, घट्ट पिळलेल्या मऊ फडक्यानं पुसा. खोबरेल तेल लावायचा सल्ला कोणीतरी हमखास देतं. वरच्या लेपातून ते आत जात नाही, नुसतं धूळ धरतं. बुटाचं पॉलिश तर अजिबात नको. पावसाळ्यात गाडी आठवडाभर बंद राहणार असेल तर मधे एकदा दारं उघडून वारा लागू द्या, नाहीतर नव्या चामड्यावर आधी शिवणीत पांढरी बुरशी धरते. आणि साधारण पाचशे किलोमीटर झाले की चारही बोल्ट टॉर्क पान्यानं परत एकदा तपासा. माझा मागचा डावा बोल्ट किंचित फिरला होता.